अंगावर काढण्याची सवय

ताप अंगावर काढला, कंबरदुखी अंगावर काढली, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा अंगावर काढला. दुखणं आहे हे माहीत असतं, पण त्यासाठी स्वतः थांबायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही, डॉक्टरकडे जायचं नाही. आपोआप ओसरेपर्यंत रेटत राहायचं. हा वाक्प्रचार पुरुषांबद्दलही वापरतात, पण माझ्या कानावर तो बहुतेक वेळा बाईबद्दल आला आहे आणि बहुतेक वेळा कौतुकाच्या सुरात आला आहे. "तिनं कधी कुणाला कळू दिलं नाही हो."

माझ्या आईची पाळी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. घरात आम्ही चौघं; त्यातल्या तिघांना काही पत्ता नव्हता. मला आठवतं ते एवढंच, की ती रात्री-अपरात्री उठून खिडकीशी उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, उकडतंय. तू झोप." भर थंडीतही तिला उकडायचं. पुढे सत्तरीच्या अलीकडेच, घरातल्या घरात पाय अडखळून ती पडली आणि मनगट मोडलं. हाडांची घनता मोजली गेली आणि तेव्हा प्रथमच कुणीतरी तिला विचारलं, "पाळी कितव्या वर्षी गेली?" आईला उत्तर आठवेना. जी गोष्ट कुणी कधी विचारलीच नव्हती, ती तिनं तरी कशाला लक्षात ठेवावी?

आज मी बावन्न वर्षांची आहे आणि आता ते खिडकीशी उभं राहणं माझ्या वाट्याला आलं आहे. या काळात साध्या, रोजच्या, टिकणाऱ्या सवयी लावून घ्या, असा सल्ला चहूबाजूंनी मिळतो. सल्ला चुकीचा नाही. तो देणाऱ्यांत मीही आहे. पण त्या सवयींच्या वाटेत एक जुनी सवय आडवी पडली आहे, अंगावर काढण्याची, आणि ती एकट्या बाईची नाही. तिच्या घराची आहे, ती काम करते त्या जागेची आहे, दवाखान्याचीही आहे. ती जागची न हलवता बाईच्या हातात नव्या सवयींची यादी ठेवली, तर तिच्या कामांत आणखी एका कामाची भर पडते, दुसरं काही होत नाही.

आधी काळाचं माप घेऊ. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. म्हणजे ती झाल्याचं नेहमी वर्षभराने कळतं. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हे ४५ ते ५५ या वयात घडतं, धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत एखाद-दोन वर्षं आधी. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ती वेगळी वैद्यकीय बाब असते आणि तिची तपासणी लांबणीवर टाकू नये. त्रासाचा काळ मात्र या बारा महिन्यांत बसत नाही. पाळी मागेपुढे व्हायला लागते तेव्हापासूनच अंडाशयांतून येणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचे हेलकावे सुरू होतात. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'स्वान' नावाच्या अभ्यासात ३,३०२ स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. त्यातून २०१५ मध्ये पुढे आलेली गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा एकदा वाचली: ज्यांना वारंवार हॉट फ्लॅश, म्हणजे अचानक अंगभर उसळणारी उष्णता, आणि रात्रीचा घाम येत होता, त्यांच्यातल्या निम्म्या जणींचा त्रास ७.४ वर्षांहून अधिक काळ टिकला. ज्यांना तो पाळी चालू असतानाच सुरू झाला, त्यांच्यात तर हा आकडा अकरा वर्षांच्या पुढे गेला.

ताप तीन दिवसांत उतरतो, तो अंगावर काढणारीचं एक वेळ समजू शकतं. सात वर्षं काय अंगावर काढणार? पहिलीतलं मूल तेवढ्यात हायस्कूलला पोचतं. आणि सात वर्षं पुरायची म्हणजे सवयही त्या मापाची हवी. पहाटे पाचला उठून तासभर व्यायाम, साखर पूर्ण बंद, रोज ध्यान, रोज दैनंदिनी, असा जोरदार संकल्प धडधाकट माणसालाही महिनाभर पेलत नाही. मग रात्री तीनदा घामाने जाग आलेल्या, सकाळी डोकं जड असलेल्या बाईला तो कसा पेलावा? जी गोष्ट सगळ्यात वाईट दिवशीही करता येईल, ती सवय. बाकीचा उत्साह.

सवयींमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हाडांची आणि स्नायूंची, कारण तिथे वेळ खरोखर मोजका असतो. जुनं हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी आणि नवं हाड घालणाऱ्या पेशी आपल्या शरीरात आयुष्यभर काम करत असतात. इस्ट्रोजेन कुरतडणाऱ्यांना लगाम घालतं. ते कमी झालं की लगाम सुटतो. 'स्वान'मधल्याच हाडांच्या मोजमापात असं दिसलं, की शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून ती होऊन गेल्यावर दोन वर्षांपर्यंत ही झीज सगळ्यात वेगाने होते आणि मग मंदावते. दहा वर्षांत कमरेच्या मणक्यांची जी साधारण दहा टक्के घनता गेली, त्यातली सुमारे सात टक्के या तीनच वर्षांत गेली. आणि ही तीन वर्षं कोणती? ज्यांत बाई स्वतःला सांगत असते, की पाळीची काहीतरी गडबड चालली आहे, होईल हळूहळू ठीक. झीज दुखत नाही. तिचा आवाज येत नाही. आईचं मनगट मोडेपर्यंत आम्हा कुणाला तिची चाहूल लागली नाही.

इथे चालण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाईला व्यायाम सांगायचा तर "रोज चालत जा" एवढंच सांगायची पद्धत आहे. चालणं हृदयाला चांगलं, मनाला चांगलं, मीही चालते. पण हाडाला जाड व्हायला भाग पाडायचं तर त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार यावा लागतो, आणि सपाट रस्त्यावरच्या सवयीच्या चालीत तो येत नाही. ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी झालेल्या, सरासरी ६५ वर्षं वयाच्या १०१ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलायला आणि उडी मारून जमिनीवर उतरायला शिकवलं. बाकीच्यांना घरी करायचे हलके व्यायाम दिले. आठ महिन्यांनी पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्या गटात १.२ टक्क्यांनी घटली होती. या वयाच्या, ठिसूळ होत चाललेल्या हाडांच्या बायकांना आपण एरवी काय सांगतो? "आता जड उचलू नका." त्या प्रयोगात वजनं उचलणाऱ्या गटात इजा म्हणावी अशी एकच किरकोळ घटना घडली.

हे वाचून कुणी उद्या घरी एकटीने जड वजन उचलायला जाऊ नये. त्या स्त्रियांना वजन टप्प्याटप्प्याने वाढवून दिलं होतं आणि त्यांचा पवित्रा दुरुस्त करायला शेजारी शिकवणारं माणूस उभं होतं. सुरुवात खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठण्या-बसण्याने होऊ शकते, भिंतीला हात लावून दंड काढण्याने होऊ शकते, टाचा उचलण्याने होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस तर सगळ्याच प्रौढांसाठी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा ऐकलेलाही नसतो. मला स्वतःला तो पन्नाशीत कळला आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण तीन वर्षांपूर्वी कळला असता तर त्याचा उपयोग आजच्यापेक्षा जास्त झाला असता. स्नायूंसाठी प्रथिनंही पुरेशी लागतात आणि ती दिवसाच्या प्रत्येक जेवणात थोडी थोडी हवीत; सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईच्या ताटात नेमकी तीच संपलेली असतात.

आता उलट बाजू, कारण सवयींच्या नावाखाली खोटं आश्वासनही खूप दिलं जातं. व्यायामाने, योगाने, दीर्घ श्वसनाने हॉट फ्लॅश थांबतात असं सर्रास सांगतात. उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपायांचा सगळा पुरावा तपासून जे निवेदन काढलं, त्यात हॉट फ्लॅशसाठी म्हणून या तिन्हींची शिफारस केलेली नाही. गार ठेवण्याच्या क्लृप्त्यांची नाही, जडीबुटीच्या गोळ्यांचीही नाही. शिफारस आहे ती बोधात्मक वर्तन उपचारांची (विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणाऱ्या), संमोहन उपचारांची, काही ठरावीक औषधांची आणि वजन जास्त असेल तर ते कमी करण्याची. व्यायाम निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. हाडं, हृदय, झोप, मन यांच्यासाठी तो हवाच. पण तीन महिने इमानाने व्यायाम करूनही जिला दिवसातून आठ वेळा दरदरून घाम फुटतो, तिला "मग तुझंच काहीतरी चुकत असेल" असं वाटायला लावणं हा अन्याय आहे. हॉट फ्लॅशचं मूळ मेंदूत असतं. शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला एरवी थोडा चढउतार चालतो; इस्ट्रोजेन घटलं की ते अगदी हळवं होतं, एवढ्याशा वाढीने घाबरतं, आणि अंग थंड करण्याची सगळी यंत्रणा एकदम सोडून देतं. निर्धार कमी पडल्यामुळे हे घडत नाही.

माझ्यासारख्याच त्रासातल्या एका मैत्रिणीला एका दवाखान्यात चार मिनिटांत वाटेला लावलं गेलं. "वयाचं आहे. जरा फिरायला जात जा, मन रमवा." सवयींचा सल्ला असाही वापरला जातो, दार लावून घ्यायला. तिला दिवसा घाम, रात्री जाग, लैंगिक संबंधात दुखणं आणि लघवीची वारंवार जळजळ असं सगळं एकत्र होतं. यातली शेवटची दोन दुखणी तर फिरून बरी होणारी नव्हेत. योनिमार्गाची आणि मूत्रमार्गाची त्वचा इस्ट्रोजेनअभावी पातळ आणि कोरडी होते. हॉट फ्लॅश कालांतराने ओसरतात, हे मात्र उपचारांशिवाय बहुधा वाढतच जातं. त्यावर स्थानिक वापराचं अल्प मात्रेचं इस्ट्रोजेन आहे, साधी वंगणं आहेत. तिला हे सांगायला कुणी हवं होतं. सांगितलं नाही, आणि ती दोन वर्षं नवऱ्यापासून काहीतरी लपवत असल्यासारखी राहिली.

हार्मोन उपचारांची, म्हणजे घटलेलं इस्ट्रोजेन औषधातून देण्याची, भीती कुठून आली हेही माहीत असायला हवं. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या एका प्रचंड चाचणीचा, १६,६०८ स्त्रियांचा समावेश असलेला एक भाग मुदतीआधी थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनांचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात यांचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं होतं. कर्करोगाबाबत ती वाढ दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे आठ इतकी होती. बातमी जगभर गेली आणि कित्येकींची औषधं एका फटक्यात बंद झाली. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं लोटली होती. नंतरच्या विश्लेषणांतून दिसलं, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले आणि त्यांना मनाई असण्याचं कारण नसेल, तर त्रासदायक लक्षणं असलेल्या बहुतेक स्त्रियांसाठी फायद्याचं पारडं जड राहतं. ते प्रत्येकीने घ्यावेत असं मी म्हणत नाही. स्तनांच्या कर्करोगाचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असलेल्यांचा हिशेब वेगळा असतो, आणि तो डॉक्टरसमोर बसून मांडावा लागतो. माझा आग्रह इतकाच, की तो मांडला जावा. सवयी की औषध, असं भांडण लावून देणाऱ्यांनी बाईचं भलं केलेलं नाही. नीट झोप लागायला लागलेली बाईच सकाळी व्यायामाला उभी राहू शकते, आणि कधीकधी ती झोप औषधाने मिळते.

आणि एक गोष्ट कोणत्याही सवयीच्या आधी येते. बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर रक्त दिसलं, एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते आणि वेळेत सापडला तर तो बहुधा बरा होतो. हे अंगावर काढू नका.

झोपेकडे येते. रात्रीची जाग ही या काळातली सगळ्यात एकाकी गोष्ट आहे. तीन वाजलेले असतात, अंग ओलं झालेलं असतं, घर झोपलेलं असतं आणि उद्याच्या कामांची रांग डोक्यात उभी राहते. यावर "लवकर झोपा" हा सल्ला उलटा पडतो. अंथरुणात जागं पडून राहण्याचा वेळ तेवढा वाढतो. निद्रानाशावरच्या बोधात्मक वर्तन उपचारांत पहिली गोष्ट शिकवतात ती उठण्याची वेळ पक्की करण्याची. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, आणि झोप येत नसेल तर अंथरुणावर तळमळत पडून न राहता उठून दुसरीकडे शांत बसायचं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हॉट फ्लॅश आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या १०६ स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना हे तंत्र आठ आठवड्यांत सहा वेळा फोनवरून शिकवलं. बाकीच्यांना त्याच पद्धतीने रजोनिवृत्तीची सर्वसाधारण माहिती दिली. तंत्र शिकलेल्यांची झोप दुसऱ्या गटापेक्षा बरीच सुधारली. फोनवरून, हे मला फार मोलाचं वाटतं. घराबाहेर पडायला वेळ नसलेल्या बाईपर्यंतही ते पोचू शकतं.

सवय लागते कशी, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक साधी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगाला जोडून करायला सांगितली: नाश्त्यानंतर हे, दुपारच्या जेवणाबरोबर ते. गोष्ट विनासायास व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला हिशेबाने २५४ लागले असते. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे जिकडेतिकडे ऐकू येतं, त्याला या मोजमापात आधार सापडत नाही, आणि बाविसाव्या दिवशीही कंटाळा येणाऱ्या बाईने स्वतःला दोष देण्याचं कारण उरत नाही. त्याच अभ्यासातली मला जास्त आवडलेली गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. या काळातल्या बाईचे दिवस चुकणारच. एक रात्र अशी जाते की सकाळी उभं राहवत नाही. अशा दिवसानंतर "मोडलं आता" म्हणून सोडून न देता दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीपाशी जाता आलं की पुरे. म्हणून मी सांगेन, एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि ती आधीपासून पक्की असलेल्या गोष्टीला बांधा. दात घासताना टाचा उचलायच्या. लिफ्टची किंवा बसची वाट पाहताना ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडायचे. शिंकताना लघवी निसटण्याच्या त्रासावर हा व्यायाम १९४०च्या दशकापासून शिकवला जातो आणि तो पाहणाऱ्याला दिसतही नाही.

टाचा उचलायला वेळ लागत नाही. पण आठवड्यातले दोन अर्धे तास, आणि ठरल्या वेळी उठता यावं म्हणून मिळालेली निवांत रात्र, याला लागतो. तो कुठून आणायचा?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ च्या अहवालात ६४ देशांतल्या वेळेच्या नोंदी मांडल्या होत्या. स्वयंपाक, सफाई, मुलंबाळं, आजारी आणि म्हातारी माणसं यांचं बिनपगारी काम स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं करतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. दोघांतला फरक तीन तासांचा. पन्नाशीच्या आसपास तर दोन्ही बाजूंनी ओढ असते. मुलं पुरती सुटी झालेली नसतात आणि आईवडील, सासूसासरे हाताशी धरावे लागतात. अशा बाईला "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगणारा माणूस तो वेळ तिनं कुणाच्या वाटणीतून काढावा हे सांगत नाही. मग ती तो एकाच ठिकाणाहून काढू शकते, स्वतःच्या झोपेतून. पहाटे उठून व्यायाम करणाऱ्या बाईचं आपण कौतुक करतो तेव्हा तिनं नेमकं काय विकून काय घेतलं याचा हिशेब कुणी करत नाही.

आरोग्याच्या सवयी ही वैयक्तिक शिस्तीची बाब आहे, घराने-दाराने त्यात काय करायचं, असं म्हणणाऱ्यांना मी विचारेन: घरातल्या मुलाची दहावी असते तेव्हा घर काय करतं? टीव्हीचा आवाज कमी होतो, पाहुण्यांना नंतर यायला सांगतात, त्याच्या अभ्यासाच्या वेळेत कुणी त्याला हाक मारत नाही. अभ्यास त्याचाच असतो, पण वेळ सगळं घर राखून ठेवतं. आठवड्यातला एक तास बाईसाठी तसा राखून ठेवायला काय हरकत आहे? तो तिनं मागून घ्यावा लागू नये, आणि त्या तासात तिचं राहिलेलं काम नंतर तिच्याचसाठी साचून राहू नये. "तू जा ना व्यायामाला" म्हणणारा नवरा चांगलाच; पण ती परत येईपर्यंत ओट्याकडे न फिरकणाऱ्याने तिला काही दिलेलं नाही.

कामाच्या जागेलाही फार काही करावं लागत नाही. बसण्याची जागा बदलून मिळणं, पंखा, जवळ स्वच्छतागृह, गणवेश असेल तर घाम शोषणारं कापड, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे बैठकीतून दोन मिनिटं बाहेर जाऊन आलं तर कुणी भुवया न उंचावणं. हे इतकं स्वस्त आहे की ते न होण्याचं कारण खर्च असूच शकत नाही. कारण हेच, की मागायची लाज वाटते आणि द्यायचं सुचत नाही.

यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण तो घेणाऱ्यांत माझ्या आईच्या वयाच्या अनेक जणी आहेत. "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? पाळी जाणं नैसर्गिक आहे, त्याचा आजार कशाला करता?" नैसर्गिक आहे, शंभर टक्के. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागणंही नैसर्गिक आहे. त्या चष्म्याला तर आपण चाळिशीच म्हणतो, इतका तो वयाचा भाग. पण चाळिशी अंगावर काढ, असं कुणी कुणाला सांगत नाही. सुईत दोरा ओवता येईना की माणूस चष्मा करून आणतं, कुणी त्याला नाजूक म्हणत नाही, आणि पोथी असो की पेपर, वाचणं पूर्वीसारखं सुरू राहतं. शिवाय "आमच्या वेळी नव्हतं" हे खरं नाही. होतं. माझी आई खिडकीशी उभी होतीच. आणि या सगळ्यानंतरचं आयुष्य काही थोडं नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये साठ वर्षांच्या बाईपुढे सरासरी आणखी २१ वर्षं होती. ही वर्षं स्वतःच्या पायावर जायची की दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, याचा बराचसा निकाल पन्नाशीच्या आसपास लागत असतो.

आमच्या घरी हे एका दिवसात झालं नाही. मी आधी सहा महिने कुणाला न सांगता व्यायाम करायचा प्रयत्न केला, म्हणजे व्यायामही अंगावरच काढला. दर वेळी कुणीतरी हाक मारायचं आणि मी उठायचे. मग एका रविवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, की माझी पाळी गेली आहे, मला रात्री झोप लागत नाही, माझ्या आईची हाडं ठिसूळ झाली तशी माझी व्हायला नको आहेत, आणि मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते सात मी खोलीचं दार लावून घेणार आहे. नवरा गप्प झाला. मुलगा ताटाकडे बघत राहिला. "पाळी" हा शब्द त्यानं माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकला असेल. थोड्या वेळाने त्यानं विचारलं, "आजीलाही हे झालं होतं?" मी म्हटलं, "हो, पण तिनं सांगितलं नाही."

पहिले काही आठवडे दारावर थापा पडल्याच. कात्री कुठे आहे, गॅस बंद करू का, कुणीतरी आलंय. मी आतून उत्तर द्यायची थांबले. परवा शुक्रवारी माझा फोन बाहेर राहिला होता आणि वाजला. दारापलीकडून मुलाचा आवाज ऐकू आला, "आई व्यायाम करतेय मावशी. सात वाजता करा."